एक मोठा पडदा की हातातले पाच टॅब? समावेशित प्राथमिक वर्गासाठी तुलनात्मक आढावा

शाळेला ग्रामपंचायतीकडून, कंपनीच्या सीएसआर निधीतून किंवा लोकवर्गणीतून एकरकमी पैसा मिळाला की पहिला विचार मोठ्या पडद्याचा येतो. तो सगळ्या मुलांचा वाटतो आणि कोणाला डावललं असं वाटत नाही, त्यामुळे शाळा व्यवस्थापन समितीतही ठराव लगेच मंजूर होतो. पण पडद्यासमोर तीसच्या तीस मुलं बसली म्हणजे तीसही शिकली असं होत नाही. ज्या मुलांसाठी तंत्रज्ञानाने खरोखर दार उघडतं, नेमकी तीच मुलं अशा वेळी बघ्यांच्या रांगेत राहतात.

हा आढावा पहिली ते पाचवीच्या मराठी शाळेसाठी आहे. दोन शिक्षक, पंचवीस-तीस मुलं, एका खोलीत दोन-तीन इयत्ता. पटावरच्या तीन-चार मुलांना पाटी-पेन्सिल पुरत नाही: एकाला कमी ऐकू येतं, एकीला सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही) बोलता येत नाही, एकजण चौथीत आला तरी वाचताना अडखळतो. हाताशी साधारण दीड लाख रुपये आहेत असं धरलं आहे. आमचं मत आधीच सांगतो: मोठा पडदा हे शिक्षकाचं साधन आहे, मुलाचं साधन त्याच्या हातात येतं ते. दोन्ही हवीत, पण पैशांचा मोठा वाटा दुसऱ्यावर गेला पाहिजे.

प्रोजेक्टर, टीव्ही, पॅनल

प्रोजेक्टर आधी बाजूला काढू. पडदे नसलेल्या खिडक्यांच्या खोलीत ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टरही दुपारी फिकट दिसतो. अंधार करावा तर कमी ऐकू येणाऱ्या मुलाला बाईंचे ओठ दिसत नाहीत आणि त्याचा अर्धा धडा तिथेच जातो. फिकट चित्रातला रंगांचा फरक अंशतः दृष्टी असलेल्या मुलाला कळत नाही. फिल्टरमध्ये धूळ साठली की यंत्र तापून बंद पडतं, म्हणून दर पंधरा दिवसांनी तो काढून झटकावा लागतो. सभागृहात सगळ्या शाळेला एकत्र बसवायचं असेल तर प्रोजेक्टर घ्या, वर्गासाठी नको.

खरी निवड टीव्ही आणि इंटरॅक्टिव्ह पॅनल यांच्यात आहे. ६५ इंची पॅनल साधारण एक ते दीड लाखात पडतं, म्हणजे इथेच सगळे पैसे संपतात. त्याची मुख्य गंमत स्पर्शाची. आता हिशोब करा: तीस मिनिटांची तासिका, तीस मुलं. प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट येतो आणि उरलेली एकोणतीस मिनिटं तो दुसऱ्याचं बोट बघत असतो. ज्याला जागेवरून उठून फळ्यापर्यंत यायलाच दोन मिनिटं लागतात त्याचं काय, हे सांगायला नको.

तरीही पॅनल कुठे चांगलं ठरतं तेही सांगितलं पाहिजे. विशेष शाळेत एका शिक्षकाकडे सात-आठ मुलं असतात, प्रत्येकाची पाळी तीन-चार मिनिटांनी येते आणि हात लांब करून रेघ ओढणं हा व्यायामही होतो. स्वमग्न मुलाला मान खाली घालून टॅबमध्ये हरवण्यापेक्षा समोरच्या एकाच चित्राकडे इतरांबरोबर बघणं शिकवायचं असेल, तर पॅनल टॅबपेक्षा उजवं. अशा ठिकाणी ते जरूर घ्या, पण बसवताना उंची सांभाळा. पहिलीतलं मूल साधारण ११०–११५ सेंटीमीटर उंच असतं, त्याचा हात १३० सेंटीमीटरच्या आसपास पोचतो. म्हणून पॅनलची खालची कड जमिनीपासून ६० सेंटीमीटरवर हवी. बसवायला येणारा मिस्त्री ते स्वतःच्या छातीच्या उंचीवर लावतो आणि मग लहानांना फक्त तळपट्टी हाताला लागते. चाकाची खुर्ची पुढे आणायची तर खाली पेटी किंवा कपाट ठेवू नका.

शाळांमध्ये येणारी बहुतेक पॅनल इन्फ्रारेड चौकटीची असतात, म्हणजे काचेपुढून जाणारं काहीही त्यांना स्पर्श वाटतं. सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल तळहात टेकवून बोट लावतं, तेव्हा तळहातही मोजला जातो आणि चित्र भलतीकडे उडतं. लोंबती बाही, ओढणी यांचाही तोच त्रास. पण याच गुणाचा उपयोगही होतो: टोकाला कापडाची गुंडी बांधलेली काठी, डोक्याच्या पट्ट्याला लावलेली दांडी, काहीही चालतं. खडूची धूळ चौकटीच्या खाचेत साठली की पडदा आपोआप 'दाबला' जाऊ लागतो. कोरड्या मऊ ब्रशने खाच साफ केली की बहुतेक वेळा दुरुस्तीवाल्याला बोलवावं लागत नाही.

टीव्हीला स्पर्श नाही, पण किंमत चौथाई-तिहाई. मोबाइलवरून वाय-फायने चित्र टाकण्यापेक्षा दहा मीटरची एचडीएमआय केबल आणि लॅपटॉप भरवशाचा, कारण नेटवर्क गेलं तरी तास चालू राहतो. टीव्हीचे स्पीकर मागच्या किंवा खालच्या बाजूला असतात आणि शब्द भिंतीकडे जातात, म्हणून पुढे तोंड असलेला वेगळा स्पीकर घ्याच. टीव्हीची काच चकाकते. खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला तर पडद्यात खिडकीच दिसेल, म्हणून खिडकीला काटकोनात असलेली भिंत निवडा.

आकार ठरवताना शेवटच्या रांगेपासून मोजा. चित्राच्या उंचीच्या सहापटीपलीकडे बसलेल्या मुलाला मजकूर नीट वाचता येत नाही, असा ढोबळ नियम आहे:

| आकार | चित्राची उंची | शेवटची रांग |
|---|---|---|
| ४३ इंच | ५४ सेंमी | ३.२ मीटर |
| ५५ इंच | ६८ सेंमी | ४.१ मीटर |
| ६५ इंच | ८१ सेंमी | ४.९ मीटर |
| ७५ इंच | ९३ सेंमी | ५.६ मीटर |

मराठीसाठी या नियमात थोडी कपात करा. आपल्या लिपीत अर्थ बदलणाऱ्या खुणा अक्षरापेक्षा बारीक असतात: अनुस्वार, रफार, वेलांटीचं वळण. म्हणून पडद्यावर एका वेळी सहा ओळींहून जास्त मजकूर नको. बसवण्याआधी चाचणी घ्या: शेवटच्या मुलाच्या जागी स्वतः जमिनीवर बसा आणि 'चिच' आणि 'चिंच', 'काय' आणि 'कार्य' यांतला फरक दिसतो का ते बघा. मुलं जमिनीवर अर्धवर्तुळात पुढे सरकून बसणार असतील तर ४३ इंचही पुरतो. आमच्या मते बहुतेक खोल्यांना ५५ इंची टीव्ही योग्य.

विजेचा हिशोबही निर्णय बदलतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीत १८०० वॅट-तास असतात. बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरावेत आणि इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारे वजा केले की साडेसातशेच्या आसपास उरतात. ८० वॅटचा टीव्ही त्यावर नऊ तास चालतो, १७५ वॅटचं पॅनल सव्वाचार आणि २८० वॅटचा प्रोजेक्टर पावणेतीन. पडदा कोणताही घ्या, आधी अर्थिंग तपासून घ्या. जुन्या खोल्यांत तीन खाचांचा सॉकेट असतो, पण तिसरी तार कुठेच जोडलेली नसते, आणि इथे तर ओल्या हातांची मुलं यंत्राला हात लावणार आहेत. वळवाच्या पावसाच्या दिवसांत शाळा सुटताना प्लग आणि इंटरनेटची तार दोन्ही काढा.

टॅब

पॅनलच्या साधारण निम्म्या पैशांत पाच टॅब येतात. ८ इंची टॅब लहान हातांना पेलतो, १० इंची अंशतः दृष्टी किंवा थरथरणाऱ्या हातांसाठी बरा. तीन आठचे आणि दोन दहाचे अशी वाटणी करा. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण याहून कमी घेऊ नका, कारण दोन वर्षांत ॲप उघडायलाच मिनिट लागू लागतो आणि धीर नसलेलं मूल तोवर पाच ठिकाणी बोट लावून मोकळं होतं. खरेदी करताना हेडफोनचं ३.५ मिलिमीटरचं भोक आहे ना ते बघा. अलीकडच्या कित्येक टॅबमध्ये ते नसतं आणि एका खोलीत पाच टॅब मोठ्याने बोलू लागले की कोणालाच काही कळत नाही. ब्लूटूथ हेडफोन नकोत. कोणता कोणत्या टॅबला जोडला हे शोधण्यातच तास जातो.

एका खोलीत अनेक इयत्ता असलेल्या बहुवर्गाला टॅब चांगला बसतो. पाच मुलांचा एक गट, १०–१२ मिनिटं टॅबवर, तेवढ्यात बाई दुसऱ्या इयत्तेला शिकवतात, मग गट बदलतो. यासाठी टॅबवर त्या दिवशी एकच ॲप उघडलेलं आणि 'स्क्रीन पिनिंग'ने जखडलेलं हवं. ही सोय अँड्रॉइडच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये असते. ती चालू न केल्यास तिसऱ्या मिनिटाला गाणी लागतात आणि दोष मुलाला दिला जातो.

साहित्य मोफत मिळतं: शासनाचं दीक्षा ॲप, बालभारतीची ई-पुस्तकं, स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी, गूगलचं रीड अलाँग. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करायला त्या क्षणी इंटरनेट लागतं, हे विसरलं जातं. आठवड्याचे व्हिडिओ जिथे नेट बरं असेल तिथे आधीच उतरवून घ्या आणि प्रत्येक टॅबवर इयत्तेच्या नावाने फोल्डर करा. रीड अलाँग मुलाचं वाचन ऐकून बरोबर-चूक सांगतं. त्याला शांतता लागते, तेव्हा व्हरांड्याचा कोपरा द्या. घरी अहिराणी, मालवणी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाचे उच्चार त्याला खटकू शकतात, तेव्हा त्याने दिलेले तारे हे वाचनाचे गुण समजू नका. ज्याची वाणी मुळातच अस्पष्ट आहे त्याला हे ॲप देऊच नका. शब्द बरोबर वाचूनही पुन्हा पुन्हा 'चूक' ऐकलं तर ते मूल वाचनच सोडून देईल.

चौथीत येऊनही अडखळणाऱ्या मुलाला टॅब सर्वांत जास्त देतो. गोष्ट समजून घेण्याची त्याची कुवत चौथीची असते, अक्षरं जोडण्याचा वेग पहिलीचा. अँड्रॉइडमधलं 'सिलेक्ट टू स्पीक' चालू केलं, आवाजाची भाषा मराठी ठेवली की मजकूर वाचून दाखवला जातो आणि चालू शब्द उजळतो. आवाज हिंदीवर राहिला तर मराठी शब्द विचित्र ऐकू येतात. हे बहुतेक वेळा सेटिंग न बघितल्याने होतं. मराठी आवाजही काही ठिकाणी चुकतो. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगणं, दोन्ही सारखेच लिहिले जातात, पण 'ज' वेगळा. यंत्र एकच उच्चार धरून बसतं. पहिल्यांदा ऐकवताना शेजारी बसा.

इथला मोठा अडथळा पीडीएफचा. मराठीतल्या पुष्कळ पीडीएफ जुन्या फाँटमध्ये तयार झालेल्या असतात. डोळ्यांना नीट दिसतात, पण आत युनिकोड (सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीतलं) मराठी नसतं आणि वाचणारं यंत्र अगम्य काहीतरी बरळतं. परीक्षा सोपी: एक ओळ कॉपी करून मेसेजमध्ये पेस्ट करा. मराठीच दिसली तर वाचून दाखवता येईल. भलती चिन्हं आली, किंवा ओळ निवडताच आली नाही, तर त्या पानाचा फोटो गूगल ड्राइव्हवर टाकून 'डॉक्स'मध्ये उघडा, अक्षरं ओळखून मिळतात. जोडाक्षरं आणि आकडे एकदा तपासून घ्या. एका धड्याला वीस मिनिटं लागतात आणि तो धडा पुढच्या वर्षीही उपयोगी पडतो.

टॅब मरतात ते पडल्याने कमी, सुट्टीत जास्त. मेमध्ये शून्यावर गेलेला टॅब दीड महिना कपाटात राहिला तर बॅटरी कायमची जाऊ शकते किंवा फुगू शकते. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ५०–६० टक्के चार्ज करून, पूर्ण बंद करून ठेवा. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर तो चार्ज करू नका, वर्गात ठेवूही नका.

न बोलणाऱ्या मुलासाठी: चित्रफलक, ॲप, की खास यंत्र

या भागावर आम्ही मुद्दाम जास्त थांबतो आहोत. धडा कळला नाही तर उद्या कळेल, पण 'पोट दुखतंय' सांगता न येणाऱ्या मुलीचं काहीच उद्यावर टाकता येत नाही.

चित्रफलक सर्वांत स्वस्त. ए-३ कागदावर ५ सेंटीमीटरचे वीस चौकोन, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून लॅमिनेशन. चकाकणारं नको, मॅट करून घ्या, नाहीतर ट्यूबलाइटखाली चित्रं दिसत नाहीत. सुरुवातीच्या फलकांवर हमखास होणारी चूक म्हणजे सगळी नामं भरणं: पेरू, गाय, बस, छत्री. त्यांतून फक्त 'हे काय?' या प्रश्नाचं उत्तर देता येतं. बोलणं घडतं ते 'पाहिजे, नको, अजून, बस्स, थांब, दे, चल, मदत, कुठे, मी, तू, झालं, दुखतंय, शू' अशा शब्दांनी. निम्मे चौकोन त्यांना द्या आणि त्यांची जागा कधीही बदलू नका. मुलीचा हात जागा लक्षात ठेवतो, चित्र नंतर बघतो.

दुसरी चूक: फलक भिंतीवर टांगणं किंवा दप्तरात ठेवणं. तो मुलीच्या हाताशी सदैव हवा, खिचडीच्या पंगतीतही. आणि शिक्षकाने स्वतः बोलताना त्यावर बोट ठेवलं पाहिजे. 'अजून पाहिजे?' म्हणताना 'अजून' आणि 'पाहिजे' दोन्ही दाखवायचं, उत्तराची सक्ती न करता. तान्ह्या बाळाशी आपण वर्षभर बोलतो तेव्हा ते एक शब्द बोलतं, फलकालाही तेवढा अवधी द्या. दोन आठवड्यांत काही झालं नाही म्हणून फलक बाजूला ठेवला जातो, याचं वाईट वाटतं.

ॲपमध्ये आवाज मिळतो आणि फरक तिथेच पडतो: पाठ फिरवून उभ्या असलेल्या बाईंनाही हाक मारता येते. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' मोफत आहे, मराठीत आहे, आणि भारतीय घरांतली चित्रं त्यात आहेत. त्यात विषयांची नऊ बटणं आणि भावनेची सहा: आवडतं, नावडतं, हो, नाही, जास्त, कमी. सुरुवातीला हे पुरेसं आहे. चेन्नईत जन्मलेलं 'आवाज' हे ॲप सशुल्क आहे, त्याचा शब्दसंग्रह मोठा आणि वाक्यं बांधण्याची सोय जास्त. पैसे भरण्यापूर्वी चाचणी काळात तिच्या रोजच्या वापरातले पन्नास शब्द मराठीत घालून ऐका. मराठीत क्रियापदाला लिंग लागतं. मुलीच्या टॅबने 'मी जेवतो' म्हटलं तर वर्ग हसेल आणि ती तो टॅब पुन्हा हातात धरणार नाही. वाक्य बदलता येत नसेल तर 'मला जेवायचंय', 'मला भूक लागली' अशी लिंग न लागणारी रूपं भरा. चुलीवरची भाकरी, तिची शेळी, शेजारचा दादा यांचे खरे फोटो टाका.

ॲप आलं तरी फलक काढू नका. उन्हात पडदा दिसत नाही, पावसात टॅब बाहेर काढता येत नाही, चार्जिंग संपतं. आणि तिचा बोलण्याचा टॅब खेळण्याचा टॅब असता कामा नये. बक्षीस म्हणून देण्याचा किंवा शिक्षा म्हणून काढून घेण्याचा प्रश्न तर येतच नाही, तो तिचा आवाज आहे. पाचातला एक टॅब पहिल्या दिवसापासून तिच्या नावाचा ठेवा.

डोळ्यांच्या हालचालीवर चालणारी खास यंत्रं लाखांच्या घरात जातात. हात अजिबात चालत नसतील तर आधी हे करा: ए-३ आकाराची ३ मिलिमीटरची पारदर्शक ॲक्रिलिक शीट घ्या, मध्ये वहीएवढी खिडकी कापा, कडा घासून गुळगुळीत करा, चार कोपऱ्यांत चार चित्रं लावा. समोर बसून खिडकीतून तिच्या डोळ्यांकडे बघा. ती कोणत्या कोपऱ्यात थांबते ते काचेतून सरळ कळतं. काहीशे रुपयांत होणारं हे साधन कित्येक महिने पुरतं आणि महागडं यंत्र तिला झेपेल का याचा अंदाजही त्यातूनच येतो. काही मुलांचे डोळे चांगले असूनही मेंदूला चित्र उलगडत नाही. त्यांच्यासाठी गर्दीची रंगीत चित्रं टाळून काळ्या पार्श्वभूमीवर एकच ठळक वस्तू ठेवा.

बटण: विकतचं की घरचं

बोट नीट लागत नाही, पण मूठ, गुडघा किंवा डोकं एका बाजूला हलवता येतं, अशा मुलाला एकच मोठं बटण पुरतं. विकतचं चांगलं टिकतं, पण घरचं करून आधी अंदाज घ्यावा. जुना यूएसबी माउस उघडा. डाव्या क्लिकखाली तीन पायांचा छोटा स्विच असतो. मल्टिमीटर लावून दाबल्यावर जे दोन पाय जोडले जातात ते शोधा आणि त्यांना दोन तारा डाख देऊन (सोल्डर करून) जोडा. तारांचं दुसरं टोक दाराच्या बेलच्या बटणाला. हे बटण प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणात बसवा, डबा दुहेरी टेपने बाकाला घट्ट चिकटवा. माउसच्या खालच्या प्रकाशाच्या भोकावर काळी टेप लावली की बाण जागचा हलत नाही. आता एका दाबाला लॅपटॉपवर पुढचं चित्र येतं. गोष्टीची पानं तो स्वतः उलटू लागतो.

टॅबसाठी माउसऐवजी साधा यूएसबी कीबोर्ड ओटीजी तारेने (टॅबला यूएसबी साधन जोडणारी छोटी तार) जोडा आणि पुठ्ठ्याचं झाकण करून फक्त स्पेसबार उघडा ठेवा. अँड्रॉइडच्या 'स्विच ॲक्सेस'मध्ये ती कळ नेमून द्या, 'ऑटो स्कॅन' चालू करा (पडद्यावर एक चौकट आपोआप सरकत जाते, हव्या जागी आली की कळ दाबायची) आणि चौकट पुढे सरकण्याचा वेळ सुरुवातीला तीन सेकंद ठेवा. दाबायला उशीर होत असेल तर वेळ वाढवा, मुलाला घाई करू नका. बटण काम देत नाही तेव्हा दोष बहुधा बसण्यात असतो. पाय लोंबकळत असतील तर सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते. तळपाय टेकलेले, बाक कोपराच्या उंचीला, मग बटण.

कमी ऐकू येणाऱ्यासाठी

अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, आणि श्रवणयंत्र गोंगाटही मोठा करतं. मुलाला शब्द कळायला बाईंचा आवाज गोंगाटाच्या साधारण १५ डेसिबल वर हवा. पत्र्यावर पाऊस पडत असताना ते अशक्यच. कमरेला लावायचा माइक-स्पीकर स्वस्त आहे, बाईंचा घसा वाचतो, सौम्य अडचण असलेल्यांना मदत होते. पण आवाज शेवटी खोलीत घुमूनच कानात येतो. गळ्यातल्या माइकवरून थेट श्रवणयंत्रात पोचवणारी एफएम पद्धत तीव्र अडचण असलेल्या मुलासाठी कितीतरी सरस. ती घेण्याआधी यंत्राशी जुळते का हे ऑडिओलॉजिस्टकडूनच ठरवा. माइक तोंडापासून १५–२० सेंटीमीटरवर हवा, ओढणी किंवा मंगळसूत्र त्यावर घासता कामा नये, आणि दुसऱ्या गटाशी बोलताना तो बंद करायचा.

यापेक्षाही आधी: रोज परिपाठानंतर तोंडापुढे कागद धरून 'आ, ऊ, ई, श, स, म' हे सहा आवाज म्हणा, मुलाने ऐकल्यावर हात वर करायचा. मिनिटभराचं काम. काल ऐकलेला 'स' आज ऐकू आला नाही तर बॅटरी किंवा कानातला साचा बघा. नारिंगी खुणेची १३ नंबरची आणि निळ्या खुणेची ६७५ नंबरची बॅटरी हवेवर चालते. स्टिकर काढून दोन-तीन मिनिटं उघडी ठेवा, मग बसवा. कोकणातल्या पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत हवंच. सांकेतिक भाषा शिकणाऱ्यांसाठी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश मोफत आहे. इथे मोठा टीव्ही चांगला, कारण सगळा वर्ग रोज दोन खुणा शिकू शकतो.

दृष्टिहीन मुलासाठी थोडक्यात: पहिली-दुसरीत ब्रेल पाटी आणि कलम, चौथी-पाचवीपासून सोबतीला लॅपटॉपवर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं एनव्हीडीए सॉफ्टवेअर. ते मोफत आहे आणि मराठी वाचतं. फक्त ऐकून शिकलेल्या मुलाला 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक कानाने कळत नाही, म्हणून ब्रेलला पर्याय नाही. अंशतः दृष्टी असेल तर टॅबचा कॅमेरा भिंग म्हणून वापरा आणि वही उतरत्या फळीवर ठेवा.

दीड लाखाची वाटणी

५५ इंची टीव्हीला ४०,०००. पाच टॅब, मुठीची रबरी कव्हरं आणि चार्जर मिळून ६५,०००. अर्थिंग, बोर्ड, स्टॅबिलायझर १०,०००. स्पीकर आणि तारेचे हेडफोन ८,०००. लॅमिनेशन, वेल्क्रो, ॲक्रिलिक, बटणांचं सामान ४,०००. उरलेले २३,००० हात न लावता दुरुस्तीसाठी. भाव बदलतात, तेव्हा तीन दरपत्रकं मागवा आणि तालुक्याच्या गावी दुरुस्ती होते का हे लेखी घ्या.

श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, ब्रेल किट यांवर शाळेचा पैसा घालू नका. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या तपासणी शिबिरांतून ही साधनं मुलाच्या नावाने मिळतात. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाकडे नाव नोंदवा आणि पालकांना यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढायला मदत करा.

एक काम खरेदीच्या दिवशीच करायचं आहे. टॅब डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढला की हरवण्याच्या भीतीने तो कुलपात जातो आणि न बोलणाऱ्या मुलीचा आवाज संध्याकाळी पाच वाजता बंद होतो. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीचा वेगळा ठराव घ्या: हा टॅब रोज घरी जाईल, सुट्टीत तिच्याकडेच राहील, नेहमीच्या वापरातल्या तुटफुटीची वसुली पालकांकडून होणार नाही, आणि ती दुसऱ्या शाळेत गेली तर टॅब हस्तांतरित होईल. ठरावाची एक प्रत तिच्या आईकडे द्या. दर महिन्याला तिने भरलेल्या शब्दांचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या, म्हणजे काच फुटली तरी दुसऱ्या टॅबवर तिची शेळी, तिचा दादा आणि 'दुखतंय' त्याच जागी सापडतील.